गहू न शिवलेली घरघंटी : चार वर्षांच्या वापरानंतर

हे परीक्षण एका घरघंटीचे आहे. एक अश्वशक्तीची मोटर, स्टीलच्या सहा जाळ्या, खाली पीठ पडण्याचा डबा आणि बाहेरून छोट्या कपाटासारखे दिसणारे हे यंत्र आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्यात घेतले. पीठ किती बारीक निघते, आवाज किती होतो, वीज किती लागते हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु आमच्या घरात या यंत्राची खरी परीक्षा एका वेगळ्याच प्रश्नावर झाली. यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचा अंश किती असतो, हा तो प्रश्न. माझ्या मुलीला सीलिॲक आजार आहे आणि अगदी अत्यल्प ग्लुटेननेही, म्हणजे गव्हासारख्या धान्यांत असलेल्या प्रथिनानेही, तिला त्रास होतो. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा अनुभव एका यंत्राचा आणि एका विक्रेत्याचा आहे, आणि घरघंटी घेताना जे पाहायला हवे ते कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लागू पडते.

मुलगी सात वर्षांची असताना तिची उंची वाढेनाशी झाली, हिमोग्लोबिन लोहाची औषधे देऊनही वर येईना आणि तोंडात सारखे व्रण येऊ लागले. पोटदुखी होती, पण ती इतकी वरचेवर असे की आम्ही तिला शाळेचा कंटाळा समजत राहिलो, याचे आजही वाईट वाटते. सीलिॲक ओळखण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या, रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांचे प्रमाण मर्यादेच्या कित्येक पट निघाले आणि एंडोस्कोपीत लहान आतड्यातील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे, झिजलेले दिसले. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती या रसांकुरांवर उलटते आणि अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे बंद करणे हाच उपचार आहे. हा उपचार ज्यांच्यामुळे सापडला ते विलेम-कारेल डिके हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिॲकची मुले उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, हे त्यांनी पाहिले व १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. त्या मुलांच्या आयांना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

आमचे मूळ सोलापूर जिल्ह्यातले. त्यामुळे निदान कळल्यावर घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आले: पोळी बंद, भाकरी चालू. सासूबाई तर म्हणाल्या, "आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच खाल्ली, पोरीचं काही अडत नाही." ते खरेही होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांपैकी कशातच ग्लुटेन नसते आणि उपासाच्या बहुतेक पदार्थांवर तिचे पोट भरत होते. बिस्किटे, पाव, शेवया, रव्याचा शिरा, शंकरपाळी सर्व बंद केले. मेतकुटात आणि विकतच्या थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, म्हणून तेही घरी वेगळे करू लागलो. तरीही वर्षभराने टीटीजी अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. तोंडातले व्रण येतच राहिले. आहारतज्ज्ञ बाईंनी आमची वही पानोपानी वाचली, त्यात काहीही चूक सापडली नाही, आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पीठ कुठून दळून आणता?"

आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणत होतो. गिरणीवाले काका आम्हाला वीस वर्षे ओळखतात, आणि मुलीच्या आजाराचे कळल्यापासून ते आमची ज्वारी नेहमी ज्वारीवरच दळत, गव्हावर कधीही टाकत नसत. ज्वारीवर ज्वारी, तांदळावर तांदूळ ही आपल्याकडची जुनी रीत पिठाची चव बिघडू नये म्हणून आहे, आणि त्या कामाला ती पुरेशी आहे. पण त्याच जात्यावर तासाभरापूर्वी गहू दळलेला असतो, पाळूच्या खाचांत, पीठ उतरण्याच्या कापडी नळीत, भिंतींवर आणि हवेतसुद्धा गव्हाचे पीठ असते. काकांनी पहाटेचे पहिले दळण आमचे करायचीही तयारी दाखवली. त्यांच्या मनात काही कमी नव्हते, आणि आम्ही त्यांच्याकडे जाणे थांबवले तेव्हा त्यांना कारण समजावून सांगताना मला जड गेले.

येथे थोडा हिशेब मांडते, कारण 'एवढ्याशाने काय होतं' या वाक्याला दुसरे उत्तर नाही. आपल्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसलेल्या पदार्थालाच 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येते. गव्हाच्या पिठात साधारण आठ टक्के ग्लुटेन धरले, तर एक ग्रॅम पिठात ८० मिलिग्रॅम ग्लुटेन येते; म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम, अक्षरशः चिमूटभर, कणीक मिसळली की ती मर्यादा गाठली जाते. गिरणीच्या पोटात ५० ग्रॅम कणीक शिल्लक राहिली आणि ती आमच्या पाच किलो दळणात उतरली, असे गृहीत धरले तर किलोमागे ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन होते, म्हणजे मर्यादेच्या चाळीसपट. अशा पिठाच्या दोन भाकरी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम पीठ, तिच्या पोटात गेले तर दिवसाला १२० मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीलिॲक रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिले, तेवढ्यानेही आतड्याची हानी दिसून आली. हा हिशेब मी कागदावर केला त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर आपण मुलीला जे औषध म्हणून देत होतो त्यातच तिचे दुखणे होते, ही गोष्ट पचवणे सोपे नव्हते.

घरघंटी घेण्याआधी आम्ही बाकीचे मार्गही पाहिले. बाजारात ज्वारीचे आणि नाचणीचे बंद पाकिटातले पीठ मिळते, पण त्यातल्या अनेक पाकिटांच्या मागे बारीक अक्षरांत 'याच कारखान्यात गव्हावरही प्रक्रिया केली जाते' अशी ओळ असते. ती ओळ छापणाऱ्यांचे मी आभारच मानते. ग्लुटेनमुक्त म्हणून तपासून विकले जाणारे पीठ चांगले असते. परंतु रोज भाकरी खाणाऱ्या घराला ते परवडत नाही, आणि दुसरी अडचण अशी की दुकानात येईपर्यंत ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा पिठाची भाकरी थापताना कडा चिरतात, परातीतून उचलताना ती तुटते. मिक्सरमध्ये तांदळाची पिठी कशीबशी होते, ज्वारी मात्र भाकरीजोगी बारीक होत नाही आणि भांडे तापते. गावाकडे सासूबाईंच्या सासूबाईंचे जाते होते. ते आणून त्यावर दळावे, असे आम्हा सर्वांच्या मनात आले. पण दगड सच्छिद्र असतो, टाकीने पाडलेल्या त्याच्या खाचांमध्ये कित्येक वर्षांचा गहू मुरलेला, आणि तो धुऊन निघत नाही. जाते गावीच राहिले. याच कारणाने लाकडी पोळपाट, लाटणे, काठवट आणि जुना बिडाचा तवा यांनाही तिच्या स्वयंपाकातून निरोप द्यावा लागला.

आता यंत्राविषयी. विक्रेत्याला मी पहिल्याच भेटीत सांगितले होते की आम्हाला असे यंत्र हवे ज्यातून गव्हाचा एकही दाणा गेलेला नाही. त्यांनी होकार दिला. आठवडाभराने यंत्र घरी आले, सोबत प्रात्यक्षिक दाखवायला एक तरुण आला, आणि त्याच्या पिशवीत एक किलो गहू होता. मी त्याला दारातच थांबवले. तो बिचारा गोंधळला. "ताई, सगळीकडे गव्हावरच दाखवतो आम्ही. आणि मशीन कारखान्यातून चेक होऊन येतं, तेही गव्हावरच." हे वाक्य ऐकेपर्यंत मला याची कल्पना नव्हती आणि मला वाटते बहुतेक खरेदीदारांनाही नसते. नवे, वेष्टनातले, हात न लागलेले यंत्र म्हणजे स्वच्छ यंत्र, असे आपण धरून चालतो. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर जाळीच्या मागे पांढरट पिठाचा थर खरोखरच होता. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. गव्हाने न तपासलेले यंत्र देण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती, आणि आमची मागणी समजून घेण्यासाठी त्यांना तीन वेळा सांगावे लागले. शेवटी त्यांनी सहाही जाळ्या आणि पिठाच्या डब्यावरचे कापड नवे, बंद पाकिटातले दिले. एवढे तरी दिले, हे नोंदवायला हवे.

पुढचे काम आमचे आम्ही केले. वरचे धान्याचे तोंड, जाळ्या, डबा, दारामागची रबरी पट्टी असे जे जे सुटे होत होते ते सगळे काढून साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुतले आणि कडक उन्हात वाळवले. दळण्याचा कप्पा मोटरीला जोडलेला असल्याने त्यावर पाणी घालता येत नाही. तो आधी कोरड्या ब्रशने, मग ओल्या फडक्याने आणि कोपऱ्यांत कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसला. या कामाला दोन माणसे आणि एक पूर्ण दिवस लागला. त्यानंतर दोन किलो जाडा तांदूळ दळला आणि ते पीठ जनावरांसाठी दिले. पुढच्या ज्वारीच्या दळणाचा नमुना अन्नतपासणी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल २०च्या वर आला. तेव्हा खूप निराशा झाली, पण यंत्र पुन्हा पूर्ण उघडले आणि या वेळी दाराच्या बिजागरीपाशी, रबरी पट्टी ज्या खाचेत बसते तिच्या आत, दाबून बसलेले पीठ सापडले. ती खाच साफ करून पुन्हा दोन-दोन किलो तांदूळ तीन वेळा दळला. दुसऱ्या नमुन्यातील ग्लुटेन त्या तपासणीच्या मोजमापाच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी निघाले. तपासणीचा खर्च थोडा नाही, तरीही घरघंटीच्या किमतीत तो धरूनच ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगते; डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांतला फरक आम्हाला त्या पहिल्या अहवालाने दाखवला.

दळणाच्या बाबतीत यंत्र उत्तम आहे. सर्वांत बारीक जाळीवर एक किलो ज्वारी सुमारे आठ मिनिटांत होते. आठवड्याचे पाच किलो दळण चाळीस मिनिटांत आटोपते आणि त्याला अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. या यंत्रात दगड नसतो, वेगाने फिरणारी पोलादी पाती धान्य जाळीवर आपटून फोडतात. त्यामुळे पिठाचा पोत दगडी गिरणीपेक्षा थोडा वेगळा, किंचित कणीदार येतो. सुरुवातीला माझ्या भाकऱ्या नीट फुगत नव्हत्या. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, उकड काढल्यासारखे पाच मिनिटे झाकून ठेवले आणि मग मळले की हा दोष जातो, हे सासूबाईंनी शोधून काढले. पीठ ताजे असल्याने विरीचा प्रश्नच उरत नाही. बाजरीला तर या यंत्राचा सर्वांत जास्त लाभ झाला. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, आणि गिरणीत पाच किलोंपेक्षा कमी नेणे बरे वाटत नसे. आता हिवाळ्यात दर तीन-चार दिवसांनी किलोभर ताजी दळते. नाचणी झरझर उतरते, तिला धान्याचे तोंड अर्धे बंद ठेवावे लागते. मोदकांसाठी आंबेमोहोर धुऊन सावलीत सुकवून दळते. तो हाताला जरा जरी ओलसर लागला तरी जाळी बसते, म्हणून मी आता रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवते. हरभऱ्याच्या डाळीचे बेसन, चकलीची भाजणी आणि गव्हाऐवजी जास्त ज्वारी घातलेली थालीपिठाची भाजणी, हे सर्व निघते. भाजलेले धान्य पूर्ण थंड झाल्याशिवाय टाकू नये. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन असे तेल सुटणारे काहीही या यंत्रात घालू नये, जाळी चिकटते. मिरची-मसाल्याला हे यंत्र नाही. आवाज मोठा आहे. शेजारच्या खोलीत बोललेले ऐकू येत नाही, म्हणून दुपारी बारा ते एक ही वेळ आम्ही शेजाऱ्यांशी बोलून ठरवली आहे.

मात्र एक गोष्ट घरघंटी करू शकत नाही, आणि ती सांगितली नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. धान्यातच गव्हाचे दाणे असतील तर यंत्र कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात तीन ते चार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. किलोभर ज्वारीत असे पाच-सहा दाणे राहून गेले की २०ची मर्यादा संपली. किराणा दुकानात एकच मापटे गव्हाच्या पोत्यातून ज्वारीच्या पोत्यात फिरते, बारदानही तेच फिरते. पहिल्या महिन्यात दुकानातून आणलेल्या पाच किलो ज्वारीत मला अठरा गहू सापडले. ते मी एका वाटीत ठेवून घरातल्या सगळ्यांना दाखवले, आणि 'एवढ्याशाने काय होतं' हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर कोणी उच्चारले नाही. आता ज्वारी मंगळवेढ्याच्या बाजूला शेती असलेल्या मामेभावाकडून येते. मालदांडी वाणाचीच आहे, चवीला अप्रतिम. त्याच्याकडेही मळणी यंत्र भाड्याचे असते आणि त्यात मागच्या हंगामाचा गहू अडकलेला असतो, म्हणून तो मळणीची पहिली दोन पोती बाजूला ठेवून मधल्या पोत्यांतली ज्वारी कोऱ्या पिशव्यांत भरून पाठवतो. एवढे करूनही प्रत्येक दळण दोघीजणी ताटात घेऊन, उजेडात बसून निवडतो. ज्वारीच्या गोल दाण्यांत लांबट गहू डोळ्याला चटकन दिसतो. बाजरीत तो त्याहून सहज दिसतो, आणि चाळणीनेही वेगळा होतो. तांदळात मात्र दृष्टी थकते. तांदूळ मी बंद पाकिटातलाच घेते आणि तरीही निवडते. हे काम मुलगी आता आजीच्या बरोबरीने करते, आणि तिची नजर आमच्याहून तीक्ष्ण आहे.

यंत्राच्या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली, दाराची ती रबरी पट्टी आणि तिची खाच: पीठ तेथे जमतेच, आणि ती काढण्या-बसवण्याची सोय ग्राहकाचा विचार करून केलेली नाही. फक्त ज्वारी-बाजरी दळणाऱ्या घराला याने ग्लुटेनचा धोका नाही, पण जुने पीठ साचून त्यात किडे होतात, म्हणून महिन्यातून एकदा पट्टी काढावीच लागते. दुसरी उणीव सोबत दिलेल्या छोट्या व्हॅक्यूम क्लीनरची. तो चांगला ओढतो, पण त्याची पिशवी धुता येत नाही. त्यामुळे तो घरात इतर कोणत्याही कामाला वापरायचा नाही, हा नियम पाळावा लागतो. एकदा दिवाळीच्या स्वच्छतेत पाहुण्यांनी तो ओट्याखालच्या कोपऱ्यात फिरवला, आणि मी नवा घेतला. खर्च वाया गेला असे काहींना वाटेल. मला वाटत नाही.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण चार वर्षांत सर्वांत मोठा धोका तेथेच निर्माण झाला. दुसऱ्या वर्षी मोटरीतून वास येऊ लागला म्हणून तंत्रज्ञाला बोलावले. माणूस कसबी होता, दोष त्याने दहा मिनिटांत शोधला. पण कप्पा साफ करण्यासाठी त्याने पिशवीतून जो ब्रश काढला तो पांढऱ्या पिठाने माखलेला होता. तोच ब्रश घेऊन तो दिवसभर घरोघरच्या कणकेच्या यंत्रांत हात घालून आला होता. मी त्याला थांबवून माझ्याकडचा ब्रश दिला. कारण सांगितल्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि मग बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. पुढच्या वेळी तोच आला तेव्हा न सांगता हात धुऊन, आमचाच ब्रश मागून घेऊन त्याने काम सुरू केले. यंत्र दुरुस्तीसाठी कार्यशाळेत न्यायचे म्हटले तर मी नकार देते; तेथे प्रत्येक यंत्र गव्हावर चालवून पाहतात. कंपनीने आपल्या पुस्तिकेत एवढी एक ओळ जरी घातली, की सीलिॲक असलेल्या ग्राहकाने नोंदणी करतानाच तसे कळवावे आणि त्याच्या यंत्राला कोणीही गहू लावू नये, तरी अनेक घरांचा त्रास वाचेल. मी हे दोनदा लिहून पाठवले आहे. पुस्तिकेत अजून बदल झालेला नाही.

यंत्राबरोबर घराचीही शिस्त बदलली. घरात आता कणीक मळली जात नाही. इतरांना पोळी हवी असेल तर ती बाहेरून तयार येते आणि वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर खाल्ली जाते. उडणारे पीठ हवेत बराच वेळ राहते आणि उघड्या डब्यात बसते, म्हणून एकाच ओट्यावर आधी पोळ्या आणि मग भाकरी हा मार्ग आम्ही सोडला. सर्वांत अवघड गेले ते शेजारणींना नाही म्हणणे. "वहिनी, गिरणी बंद आहे, किलोभर गहू दळून देता का?" असे कोणी आपुलकीने विचारले की नकार देताना जीभ अडखळते. सासूबाईंनीच मग जिन्यात सगळ्यांना एकदा नीट समजावले: "नातीचं औषध आहे ते यंत्र. औषधाच्या बाटलीत दुसरं काही भरतात का?" त्यानंतर कोणी विचारले नाही, उलट समोरच्या काकू गणपतीत तांदळाच्या पिठीचे मोदक आमच्याच पिठाचे करतात, म्हणजे मुलीला त्यांच्याकडचा प्रसाद खाता येतो.

घरघंटी आल्यानंतर सहा महिन्यांनी टीटीजी निम्म्याहून खाली आले आणि दीड वर्षात मर्यादेच्या आत. हिमोग्लोबिन सुधारले, व्रण येणे थांबले, आणि अडलेली उंची पुन्हा वाढू लागली. हे केवळ यंत्रामुळे झाले असा माझा दावा नाही. त्याच काळात आम्ही फोडणीतला हिंगही बदलला, कारण बाजारातला बांधानी हिंग अनेकदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठाचा किंवा डिंकाचा हिंग पाकिटावरचे घटक वाचून घ्यावा लागतो. परंतु चिमूटभर हिंग आणि रोजच्या दोन भाकऱ्या यांत भाकरीचे वजन किती मोठे, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईल.

ज्या घरात सीलिॲकचा रुग्ण आहे आणि जे घर भाकरी किंवा तांदळाच्या पिठावर चालते, त्या घराने घरघंटी अवश्य घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी, वापरलेली घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. नवी घेतली तरी ती गव्हाने तपासलेली आहे असेच धरून चालावे आणि पहिले दळण रुग्णाला देण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. ज्या घराला एकाच यंत्रात आठवड्यातून एकदा गहू आणि बाकी दिवस ज्वारी दळायची आहे, त्याने रुग्णासाठी म्हणून ही खरेदी करू नये. त्यातून गिरणीपेक्षा वेगळे काही हाती लागणार नाही.

चार वर्षांत आमच्या यंत्राच्या सर्वांत बारीक जाळीची छिद्रे झिजून मोठी झाली आहेत आणि पातीही बोथट झाली आहेत. दोन्ही पुढच्या महिन्यात बदलायची आहेत. नवे भाग सीलबंद पाकिटात यावेत, ते माझ्यासमोर उघडावेत आणि बसवल्यानंतरची चाचणी आमच्याच ज्वारीवर घ्यावी, असे मी कंपनीला लेखी कळवले होते. या वेळी उत्तर दोन दिवसांत आले आणि तिन्ही गोष्टी मान्य झाल्या आहेत.